परदेशात एकट्याने उतरताना: विमानाच्या दारापासून खोलीच्या दारापर्यंत

दोघं प्रवासात असली की एक जण सामानापाशी थांबतो आणि दुसरा रांगेत उभा राहतो. एकाचा फोन बंद पडला तर दुसऱ्याचा चालू असतो, एकाचं कार्ड मशीनने गिळलं तर दुसऱ्याचं चालतं. एकट्या प्रवाशाला यातलं काहीच नसतं. त्यातून रात्रभर झोप झालेली नसते आणि समोरच्या पाट्या वाचता येत नाहीत. नेमक्या अशा वेळी पैसे, वाहन आणि मुक्काम यांचे निर्णय घ्यावे लागतात. म्हणून एकट्याने जाताना दोन गोष्टी करायच्या. जे निर्णय घरी बसून घेता येतात ते घरीच घ्यायचे. आणि जिथे दुसरा माणूस उपयोगी पडला असता, तिथे दुसरी सोय सोबत ठेवायची.

तिकीट काढताना

शक्य असेल तर दिवसाउजेडी उतरणारं विमान निवडा, त्यासाठी थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील. मोठ्या विमानतळावर चाकं टेकल्यापासून बाहेर पडेपर्यंत एक ते दीड तास सहज जातो. म्हणजे रात्री १० ला उतरलेला माणूस साडेअकराला बाहेर येतो. तोवर सिमकार्डाचे गाळे बंद झालेले असतात, शेवटची गाडी निघण्याच्या बेतात असते आणि दारात फक्त टॅक्सीचे दलाल उभे असतात. रात्रीचं विमान टाळता येत नसेल, तर पहिली रात्र विमानतळाच्या आवारात किंवा चालत जाण्याच्या अंतरावर काढा आणि शहरात सकाळी जा.

मध्यरात्रीनंतर उतरणाऱ्या विमानात तारखेची एक चूक हमखास होते. १५ तारखेला पहाटे १ वाजता उतरणार असाल, तर खोली १४ तारखेपासून घ्यावी लागते. १५ पासून घेतली तर ती दुपारी दोन-तीनला मिळेल आणि तोपर्यंतचे बारा तास बाकावर काढावे लागतील. १४ ची खोली घेतल्यावर 'मी पहाटे येणार आहे' असं हॉटेलला लिखित कळवा आणि त्यांचं उत्तर जपून ठेवा. नाहीतर तुम्ही आलाच नाहीत असं समजून ते खोली दुसऱ्याला देऊ शकतात.

विमानतळ नेमका कोणता, तेही तिकिटावर पाहा. बँकॉकला सुवर्णभूमी आणि डॉन मुआंग असे दोन आहेत. इस्तंबूलचे दोन विमानतळ तर दोन वेगवेगळ्या खंडांत आहेत. पॅरिसच्या नावाने विकलं जाणारं बोव्हे शहरापासून सुमारे ८० किलोमीटर दूर आहे. दोन स्वतंत्र तिकिटं जोडून स्वस्तात प्रवास आखला असेल, तर मधल्या विमानतळावर सामान आपोआप पुढे जात नाही. तिथे इमिग्रेशन ओलांडून सामान घ्यावं लागतं आणि पुन्हा द्यावं लागतं, म्हणजे त्या मधल्या देशाचा व्हिसाही लागू शकतो. हे न कळल्यामुळे पहिल्याच विमानात चढू न दिलेले प्रवासी बरेच असतात.

कागदपत्रं

तुमचे कागद सर्वांत आधी तपासते ती विमान कंपनी. ज्याला प्रवेश नाकारला जातो त्याला परत नेण्याची जबाबदारी कंपनीवर येते, अनेक देशांत तिला दंडही होतो. त्यामुळे काउंटरवरचा माणूस नियमाला घट्ट धरून बसतो आणि तिथे वाद घालून काही मिळत नाही.

बऱ्याच देशांना पासपोर्टची मुदत प्रवेशाच्या दिवसापासून निदान ६ महिने उरलेली लागते. शेंगेन देशांचा, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांचा, हिशोब वेगळा आहे: परतीच्या दिवसानंतर ३ महिने मुदत हवी आणि पासपोर्ट गेल्या १० वर्षांत दिलेला असावा. दोन पानं पूर्ण कोरी ठेवा. परतीचं किंवा पुढचं तिकीट मागतात, एकट्या प्रवाशाकडे तर जास्तच. पीतज्वराच्या लसीचा दाखला लागणार असेल तर तो लस घेतल्यानंतर १० दिवसांनी ग्राह्य होतो, आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. जुना दाखला मात्र फेकू नका, २०१६ पासून तो आयुष्यभरासाठी मानला जातो.

आगमनाचा अर्ज आता अनेक देश ऑनलाइन घेतात. सिंगापूर आणि थायलंड दोघेही तो पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायला सांगतात आणि दोन्हीकडे तो मोफत आहे. 'शुल्क भरा' म्हणणारं संकेतस्थळ मधल्या दलालाचं असतं. शोध घेतल्यावर वरती येणाऱ्या जाहिरातीवर न जाता त्या देशाच्या सरकारी पत्त्यावर जा. नाव पासपोर्टच्या खालच्या, यंत्राने वाचायच्या दोन ओळींत जसं आहे तसंच लिहा. जन्मतारीख लिहिताना दिवस आधी की महिना आधी, हे चौकटीखाली दिलेलं असतं. ५ मार्चची ३ मे झाली तर व्हिसा आणि पासपोर्ट जुळत नाहीत.

औषधांकडे विशेष लक्ष द्या, कारण इथे अनवधानाने गुन्हा घडू शकतो. १० टक्क्यांहून जास्त स्युडोएफेड्रिन असलेलं सर्दीचं औषध जपानमध्ये नेता येत नाही. कोडीन आणि ट्रामाडॉलसारख्या वेदनाशामकांना संयुक्त अरब अमिरातीत आधी परवानगी लागते. गोळ्या मूळ पाकिटातच ठेवा आणि सोबत डॉक्टरांची चिठ्ठी घ्या, तिच्यावर औषधाचं ब्रँडनाव नको, मूळ घटकाचं नाव हवं. ई-सिगारेट सिंगापूर आणि थायलंडमध्ये बंदीच्या यादीत आहे, ती घरीच राहू द्या.

दुसरी सोय

दोन कार्डं घ्या, शक्यतो वेगवेगळ्या बँकांची आणि वेगवेगळ्या नेटवर्कची, म्हणजे एक व्हिसाचं आणि एक मास्टरकार्डचं. ती एका पाकिटात ठेवली तर दोन असून नसल्यासारखी. एक अंगावर, दुसरं बॅगेत. दोन्हींचा परदेशी वापर निघण्याआधी सुरू करून घ्या. रोख रक्कमही अशीच विभागा. राखीव म्हणून डॉलर किंवा युरोच्या स्वच्छ, न दुमडलेल्या, शाई किंवा शिक्का नसलेल्या नोटा घ्या. फाटकी नोट अनेक देशांतले पैसे बदलणारे घेतच नाहीत.

सगळ्यात मोठा धोका एकट्या फोनचा आहे, कारण नकाशा, तिकीट, पैसे आणि पत्ता सगळं त्यातच असतं. म्हणून एक कागद लिहा. त्यावर पहिल्या मुक्कामाचं नाव, पत्ता आणि फोन नंबर त्या देशाच्या लिपीत छापून घ्या, कारण टॅक्सीवाल्याला रोमन अक्षरं वाचता येतीलच असं नाही. खाली विमा कंपनीचा मदत क्रमांक आणि पॉलिसी क्रमांक, बँकेचा कार्ड बंद करण्याचा क्रमांक, आपल्या दूतावासाचा पत्ता आणि घरच्या दोघांचे नंबर. पासपोर्टच्या पहिल्या पानाची आणि व्हिसाची छायाप्रत त्यालाच जोडा. हा कागद खिशात हवा, बॅगेत नको.

ओटीपीचा विचार बहुतेक जण करत नाहीत. कार्ड वापरताना बँक घरच्या नंबरवर संदेश पाठवते आणि तो नंबर बंद असेल तर व्यवहार अडतो. घरच्या सिमवर फक्त संदेश येण्यापुरतं रोमिंग चालू ठेवा आणि त्याचा डेटा बंद ठेवा. ई-सिम (कार्ड न घालता फोनमध्येच उतरवायचं सिम) घेणार असाल तर ते घरच्या वायफायवरच बसवून घ्या, कारण बसवायलाच इंटरनेट लागतं. त्याआधी फोन एखाद्या मोबाइल कंपनीला बांधलेला नाही याची खात्री करा. बऱ्याच ई-सिममध्ये फक्त डेटा असतो, नंबर नसतो. त्यामुळे तिथलं टॅक्सीचं ॲप घरूनच उतरवून, घरच्या नंबरवर ओटीपी घेऊन, कार्ड जोडून तयार ठेवा. शहराचा नकाशा आणि भाषांतराच्या ॲपमधली ती भाषा, दोन्ही ऑफलाइन उतरवा. चीनला जाणार असाल तर गूगलच्या सेवा तिथल्या नेटवर चालत नाहीत हे गृहीत धरून दुसरा नकाशा घ्या.

पॉवर बँक हातातल्या बॅगेतच ठेवावी लागते. १०० वॉट-तासांच्या क्षमतेपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही आणि नेहमीची २०,००० एमएएचची बँक सुमारे ७४ वॉट-तासांची असते. चार्जरवर '१००–२४० व्होल्ट' छापलं असेल तर तो जपानच्या १०० व्होल्टवरही चालतो आणि युरोपच्या २३० वरही. बदलावा लागतो तो फक्त प्लग.

आणि सामान? ते स्वच्छतागृहाच्या खोलीत तुमच्यासोबत मावलं पाहिजे आणि दोन मजले एकट्याला उचलता आलं पाहिजे. घरी जिन्यावरून एकदा वर-खाली करून पाहा, वजनकाट्यापेक्षा ही कसोटी खरी आहे.

शेवटची सोय म्हणजे घरचा एक माणूस. त्याला नुसतं 'पोचल्यावर कळवतो' सांगून भागत नाही. विमान क्रमांक, हॉटेलचा नंबर आणि एक ठरलेली वेळ द्या: अमुक वाजेपर्यंत संदेश आला नाही तर आधी हॉटेलला फोन, मग विमा कंपनीला, मग दूतावासाला. वेळ ठरवताना विमानाच्या उशिराचे पाच-सहा तास धरा, नाहीतर विनाकारण घबराट होते.

इमिग्रेशनच्या खिडकीपाशी

उतरण्याआधीच्या तासात फोन चार्ज करा आणि मुक्कामाचा पत्ता समोर काढून ठेवा. पेन स्वतःचं हवं, हॉलमधल्या पेनांसाठी रांग लागते. रांगेत फोनवर बोलणं आणि फोटो काढणं अनेक ठिकाणी मना आहे, खिडकीशी जाण्याआधी फोन खिशात टाका.

प्रश्न ठरलेले असतात: कशासाठी आलात, किती दिवस, कुठे राहणार, कुणासोबत, खर्च कोण करतंय. विचारलं तेवढंच आणि खरं सांगा. 'दहा दिवस, पर्यटनासाठी, या हॉटेलात, एकटाच आहे' एवढं उत्तर पूर्ण आहे. 'काम' हा शब्द जपून वापरा. 'थोडं लॅपटॉपवर कामही करीन' हे पर्यटक व्हिसावर आलेल्याच्या तोंडून ऐकलं की पुढचे प्रश्न सुरू होतात, कारण कामाचा परवाना वेगळा असतो. एकट्याने आणि एकेरी तिकिटावर आलेल्याला कधी कधी आतल्या खोलीत नेतात. तिथे परतीचं तिकीट, मुक्कामाची नोंद आणि बँकेतली शिल्लक दाखवली की बहुतेक वेळा प्रकरण मिटतं. कागदावर सही मागितली आणि भाषा कळत नसेल, तर दुभाषा मागा.

शिक्का मिळाला की खिडकी सोडण्याआधी तारीख आणि परवानगीचे दिवस वाचा. ३० ऐवजी १५ लिहिले असतील तर ते तिथल्या तिथे दुरुस्त होऊ शकतात, महिनाभराने तो तुमचा दंड होतो. हाँगकाँग शिक्क्याऐवजी छोटी चिठ्ठी देतं, सिंगापूर ईमेल पाठवतं, दोन्ही परतीपर्यंत सांभाळा. शेंगेन देशांच्या सीमेवर १२ ऑक्टोबर २०२५ पासून ईईएस नावाची, येण्या-जाण्याची नोंद यंत्रावर ठेवणारी पद्धत सुरू झाली. पहिल्या प्रवेशाला बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेतात, म्हणून रांगेला जास्त वेळ धरा. १८० दिवसांत ९० दिवस राहण्याची मर्यादा आता यंत्रच मोजतं.

सामान आणि कस्टम्स

स्वच्छतागृहात सामान हाती येण्याआधी जाऊन या. पट्ट्यावरून बॅग उचलल्यावर नावाची चिठ्ठी तपासा, सारख्या दिसणाऱ्या बॅगा खूप असतात. बॅग आलीच नाही तर हॉल सोडण्याआधी विमान कंपनीच्या काउंटरवर तक्रार नोंदवून तिचा पीआयआर क्रमांक (सामानाच्या तक्रारीचा नोंद क्रमांक) घ्या. बाहेर पडल्यावर सिद्ध करणं अवघड जातं. विमानप्रवासातल्या भरपाईबद्दलच्या आंतरराष्ट्रीय मॉन्ट्रियल करारानुसार तुटक्या-फुटक्या सामानाची लेखी तक्रार ७ दिवसांत करावी लागते. उशिरा आलेल्या सामानासाठी ते मिळाल्यापासून २१ दिवस असतात.

कस्टम्समध्ये एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: वस्तू जाहीर करण्याला शिक्षा नाही, लपवण्याला आहे. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलिया अन्न, बिया, लाकूड, चिखल लागलेले बूट यांबाबत फार कडक आहेत. विमानात मिळालेलं सफरचंद बॅगेत विसरून राहिलं तरी न्यूझीलंडमध्ये तिथल्या ४०० डॉलरचा दंड जागच्या जागी होतो. तेच सफरचंद अर्जात लिहिलं असेल तर ते फक्त काढून घेतात. शंका आली की लाल मार्ग, म्हणजे जाहीर करायच्या वस्तू असणाऱ्यांचा मार्ग, घ्या. रोख रक्कम युरोपीय संघात १०,००० युरोंच्या किंवा अमेरिकेत १०,००० डॉलरच्या घरात असेल तर ती जाहीर करायलाच हवी. आणि दुसऱ्याची बॅग क्षणभरही धरू नका, विनवणी करणारी व्यक्ती म्हातारी असली तरी. एकट्या माणसाकडेच असं काम मागितलं जातं, कारण त्याच्या बाजूने साक्ष द्यायला कुणी नसतं.

बाहेरच्या दाराआधी

शेवटचं दार एकदा ओलांडलं की परत आत येता येत नाही आणि बाहेर गर्दी अंगावर येते. म्हणून आतच एखाद्या भिंतीला पाठ लावून दहा मिनिटं थांबा. फोनला नेट आलं का पाहा. ई-सिम चालत नसेल तर त्या लाइनचं डेटा रोमिंग बंद असतं, बहुतेक वेळा कारण एवढंच असतं. तिथलं सिम विकत घेत असाल तर पासपोर्ट दाखवावा लागतो, आणि नेट सुरू झालेलं पाहिल्याशिवाय गाळा सोडू नका.

पैसे काढायला बँकेचं एटीएम शोधा, एकाकी उभं असलेलं मशीन नको. मशीन विचारेल की रक्कम तुमच्या घरच्या चलनात बदलून दाखवू का. नेहमी नाही म्हणा आणि स्थानिक चलन निवडा. बदलाचा दर मशीनवाल्याने ठरवलेला असतो आणि त्यात काही टक्के जातात. नकार दिल्याने व्यवहार रद्द होत नाही, तशी भीती वाटेल अशा शब्दांत मात्र तो प्रश्न लिहिलेला असतो. दुकानातल्या कार्ड मशीनवरही हाच नियम. पूर्ण आकड्याऐवजी थोडी कमी रक्कम मागा, १००० च्या जागी ९०० मागितले की लहान नोटा मिळण्याची शक्यता वाढते. काही मशीन्स आधी पैसे आणि मग कार्ड देतात, थकलेला माणूस नोटा घेऊन निघून जातो. म्हणून कार्ड हातात आल्याशिवाय नोटा मोजू नका. दोन दिवसांचा खर्च आणि एका रात्रीचं भाडं, एवढी रोख पुरे. ट्युनिशियाचा दिनार देशाबाहेर न्यायलाच बंदी आहे, अशा ठिकाणी जास्त काढून उपयोग नाही.

शहराकडे

कशाने जायचं ते घरीच ठरलेलं असावं: गाडीचं नाव, थांबा, शेवटची फेरी आणि टॅक्सीचं साधारण भाडं. एवढं माहीत असलेला माणूस दारात घुटमळत नाही, आणि जो घुटमळत नाही त्याच्याकडे दलाल फारसे जात नाहीत. 'टॅक्सी?' म्हणत तुमच्याकडे चालत येणाऱ्याला नाही म्हणा, परवान्याच्या टॅक्सीला ग्राहक शोधत आत येण्याची गरज पडत नाही. अधिकृत रांग किंवा ॲपची ठरलेली जागा गाठा. ॲपच्या गाडीचा नंबर जुळवा आणि 'कुणाला न्यायला आलात?' असं चालकालाच विचारा, आपलं नाव आपण आधी सांगू नका. नंबरपाटीचा फोटो घरी पाठवा. मागच्या सीटवर बसा. पासपोर्टची छोटी बॅग मांडीवर ठेवा, डिकीत कधीच नको. मोठी बॅग डिकीत असेल तर आधी बॅग बाहेर, मग पैसे. हा क्रम उलटा झाला तर भाड्याच्या वादात तुमची बॅग ओलीस राहते. नोट देताना तिची किंमत मोठ्याने म्हणा, म्हणजे मोठी नोट बदलून 'लहानच दिलीत' म्हणता येत नाही.

'तुमचं हॉटेल बंद पडलंय, दुसरं दाखवतो' हे वाक्य जगभर ऐकायला मिळतं. त्यावर चर्चा करू नका. खिशातल्या कागदावरच्या हॉटेलच्या नंबरला फोन लावा किंवा 'तिथेच सोडा' एवढंच म्हणा. साध्या कपड्यातला माणूस पोलीस म्हणवून पाकीट मागू लागला तर पाकीट काढू नका, 'ठाण्यात चला' म्हणा.

खोलीत शिरल्यावर

खोलीचा क्रमांक मोठ्याने सांगू नका, लिहून द्या, असं रिसेप्शनवर सांगता येतं. पासपोर्टची नोंद करून तो तिथेच परत घ्या. चीनमध्ये खाजगी घरी उतरणार असाल तर २४ तासांत पोलिसांकडे नोंद करावी लागते, हॉटेल असेल तर ते काम हॉटेल करतं. जपानमध्ये पर्यटकाने पासपोर्ट सतत जवळ ठेवावा असा कायदाच आहे.

आत गेल्यावर कडी, खिडकी आणि शेजारच्या खोलीत उघडणारं दार असेल तर तेही तपासा. दारापासून जिन्यापर्यंत मध्ये किती दारं आहेत ती मोजा, धुरात दिसत नाही तेव्हा हात फिरवून मोजता येतात. बॅग आधी न्हाणीघराच्या फरशीवर ठेवा आणि गादीच्या शिवणी उलटून पाहा. काळे ठिपके दिसले तर ढेकूण आहेत, खोली बदलून मागा. न्हाणीघरात गॅसचा गिझर असेल तर खिडकी उघडी ठेवल्याशिवाय आंघोळ करू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. मग घरी संदेश.

उजेड असेल तर अर्धा तास चालून या. रस्ता ओलांडताना वाहनं उलट्या बाजूने येत असतील तर पहिले काही दिवस दोन्हीकडे दोनदा पाहा. झोप तिथल्या रात्रीलाच घ्या. त्या दिवशी कुठल्याही सहलीचे पैसे भरू नका.

बिघडलंच तर

११२ हा क्रमांक युरोपीय संघात सगळीकडे चालतो आणि इतर अनेक देशांतही मोबाइलवरून लागतो. अमेरिकेत ९११, ऑस्ट्रेलियात ०००. जपानमध्ये पोलिसांना ११० आणि रुग्णवाहिकेला ११९. दवाखान्यात दाखल व्हायची वेळ आली तर शक्य तेवढ्या लवकर विमा कंपनीच्या मदत क्रमांकाला कळवा, आधी कळवलं नाही म्हणून खर्च नाकारला जाऊ शकतो.

पासपोर्ट हरवला तर आधी पोलिसांत तक्रार करून तिची प्रत घ्या, मग दूतावासात जा. तिथे ती प्रत, तुमच्याजवळची छायाप्रत आणि फोटो मागतात, त्यासाठी दोन फोटो निघतानाच सोबत ठेवा. तातडीचा प्रवासी दाखला मिळाला तरी काम संपत नाही. तुमचा प्रवेशाचा शिक्का हरवलेल्या पासपोर्टमध्ये होता, त्यामुळे बऱ्याच देशांत तिथल्या इमिग्रेशन कार्यालयातून प्रवेशाची नोंद नव्या दाखल्यावर करून घ्यावी लागते, काही ठिकाणी बाहेर पडायचा परवानाही. हे विमानतळावर होत नाही आणि सुट्टीच्या दिवशी कार्यालयं बंद असतात, म्हणून परतीचं तिकीट किमान तीन कामाचे दिवस पुढे ढकला.